निश्चिंत राजा आणि हसणारी प्रजा

१

वगाचा आरंभ बहुधा एका प्रश्नाने होतो. राजा रंगस्थळी येतो, प्रधानाला पाचारण करतो आणि आपल्या राज्यात काय चालले आहे अशी विचारणा करतो. प्रधान काही सांगू लागतो, त्यात हवालदार किंवा सोंगाड्या तोंड घालतो आणि प्रेक्षक हसू लागतात. या हसण्याचे श्रेय वरवर पाहता बतावणीतील कोट्यांना आणि हजरजबाबीपणाला द्यावेसे वाटते. परंतु कोटी होण्याच्या आधीच खुद्द प्रसंगात एक विसंगती मांडली गेलेली असते. ज्याचे राज्य आहे त्यालाच राज्याची खबर नाही. ती त्याला दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागते, आणि जो खबर देतो तो ती आपल्या सोयीने देतो. राजाला मात्र त्याचे काही वाटत नाही. नाचगाणे, शिकार, पंक्ती आणि पलंग यांत त्याचा काळ सुखाने चाललेला असतो.

या विलासी राजाला हसणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न मराठी नाट्यसमीक्षेने क्वचितच नैतिक प्रश्न म्हणून विचारला आहे. वगातील हास्य हे सत्तेला दिलेले आव्हान होय, असे एक मत रूढ आहे. ते हास्य म्हणजे केवळ घटकाभरची करमणूक असून दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत चालते, असे दुसरे मतही तितकेच रूढ आहे. ही दोन्ही मते हास्याच्या परिणामाविषयी आहेत. हास्याच्या न्याय्यतेविषयी ती काही सांगत नाहीत. सुखात रमलेल्या माणसाला हसण्याचा अधिकार कोणाला असतो? त्याचा दोष सुख भोगण्यात आहे, की आणखी कशात? आणि हसणारा स्वतः त्या दोषापासून मुक्त असतो का? सातारा आणि सांगली या परिसरातील नाट्येतिहास या प्रश्नांच्या विचाराला विशेष उपकारक ठरतो, कारण राजा, प्रधान आणि प्रेक्षक या तिघांचेही स्थान येथे प्रत्यक्ष इतिहासात वारंवार बदलले आहे.

२

विलासी राजा हा मुळात हास्यास्पद नव्हता. संस्कृत नाट्यशास्त्राने त्याला नायकपद दिले आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांतील धीरललित हा याच राजाचा सुसंस्कृत अवतार होय. कलांची आसक्ती, सुखासीनता आणि मृदुता ही त्याची लक्षणे आहेत. पण यादीत अग्रस्थान आहे ते निश्चिंततेला. टीकाकार धनिकाने तिचे कारणही दिले आहे. राज्याचा योगक्षेम सचिवादिकांनी वाहिलेला असतो, म्हणून हा नायक चिंतारहित असतो. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’तील वत्सराज उदयन हे याचे प्रसिद्ध उदाहरण. वसंतोत्सव, उद्यान, चित्रफलक आणि प्रेमकलह यांत उदयन रमलेला असताना यौगंधरायण राज्याची घडी बसवीत असतो. इतकेच काय, ज्या तरुणीवर राजा आपल्या मनाने अनुरक्त होतो तिलाही यौगंधरायणानेच राज्यहितासाठी अंतःपुरात आणून ठेवलेले असते. राजाचे प्रेमसुद्धा प्रधानाच्या योजनेतील एक कलम ठरते आणि नाटककार त्याबद्दल राजाला दोष देत नाही. चांगला प्रधान लाभणे हे त्याचे भाग्यच मानले जाते.

या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. राजाला चिंता नाही याचा अर्थ चिंताच उरलेली नाही असा होत नाही. ती सचिवाकडे गेलेली आहे. सचिवाकडून ती अधिकाऱ्याकडे, अधिकाऱ्याकडून शिपायाकडे आणि शिपायाकडून रयतेकडे जाते. शास्त्रकाराची दृष्टी प्रासादातून पाहणारी असल्यामुळे तो या प्रवासाचा पहिलाच टप्पा पाहतो आणि तेथे थांबतो. वगकाराची दृष्टी शेवटच्या टप्प्यावरून वर पाहते. राजा तोच आहे आणि प्रधानही तोच आहे. उलटली आहे ती पाहण्याची दिशा. ‘निश्चिंत’ हे विशेषण तेथे गुणवाचक होते, येथे ते आरोपपत्रातील पहिले वाक्य झाले.

हास्य शृंगारातून उद्भवते, असे भरताने म्हटले आहे. शृंगाराचे अनुकरण झाले की हास्य निर्माण होते. या दृष्टीने वगातील राजा हा धीरललित नायकाचे अनुकरण आहे. त्याची वस्त्रे उसनी, दरबार मोकळ्या मैदानातला, आणि उदयनाच्या वीणेची जागा ढोलकी-तुणतुण्याने घेतलेली. भरताने हास्याचीही प्रतवारी लावली आहे. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. ज्याचा दर्जा जितका खालचा तितके त्याचे हसणे मोठे. या प्रतवारीकडे सामाजिक निरीक्षण म्हणून पाहिले, तर तिच्यात एक अनपेक्षित सत्य दडलेले दिसते. ज्याच्याकडे चिंता येऊन साचते, त्याचेच हसणे सर्वांत मोठे असते.

३

सांगली आणि सातारा हे आज दोन स्वतंत्र जिल्हे आहेत. परंतु सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला आणि त्याला आजचे नाव १९६० मध्ये मिळाले. कृष्णाकाठचा हा सलग प्रदेश नाट्याच्या दृष्टीनेही एकच आहे. विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीच्या दरबारी. पहिला वग मानला जाणारा ‘मोहना-बटाव’ उमा-बाबू सावळजकरांनी १८६५ च्या सुमारास रचला. त्यांचे सावळज तासगाव तालुक्यातले. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आणि अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव ही दोन्ही गावे वाळवा तालुक्यात आहेत.

१८४३ आणि १८६५ या दोन सनांमधील अंतर बावीस वर्षांचे आहे. ‘सीतास्वयंवर’ झाले तेव्हा प्रेक्षागृहात प्रत्यक्ष संस्थानिक बसलेला होता. रंगमंचावरचा राजा राम होता किंवा जनक होता. हसू आणण्याचे काम विदूषकाकडे होते. राजाचे हसे होण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. पुढे १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, दरबारचा आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले ते पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांपुढे. वग हा प्रकार आकाराला आला तो यानंतर, म्हणजे राजा प्रत्यक्ष जीवनातून उठून गेल्यावर.

या घटनाक्रमातून एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गेलेल्या राजाला हसणे सोपे असते. सावळजच्या शेतकऱ्याचे भले-बुरे ज्यांच्या हातात होते ते कलेक्टर, मामलेदार आणि सावकार रंगस्थळी येत नव्हते. येत होता तो कोणाचेही वाकडे करू न शकणारा, कोणत्याही नकाशावर नसलेला राजा. मग या हास्यात धैर्य कुठले? याचे उत्तर सातारच्या गादीच्या इतिहासात शोधता येते. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४९ नंतर, छत्रपतींची गादी साताऱ्यास राहिली आणि कारभार पुण्यास गेला. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. नवा पेशवा वस्त्रे साताऱ्याहून घेत असे, पण राज्यात काय चालले आहे हे ठाऊक असे ते वस्त्रे घेणाऱ्याला. देणाऱ्याला ते विचारावे लागे. वगाच्या आरंभीचा प्रश्न या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या इतिहास म्हणून जगलेला होता. वगकारांनी तो इतिहास समोर ठेवून वग रचले असे म्हणण्याची गरज नाही. प्रेक्षकांना तो प्रसंग ओळखीचा होता एवढे पुरेसे आहे. नाव आणि अंमल यांची फारकत ही त्यांची जुनी ओळख होती, आणि कंपनीच्या अमलातही ती संपलेली नव्हती. म्हणूनच गेलेला राजा हा चालू काळाचा मुखवटा होऊ शकला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विलासाचा आरोप हा राज्य घेण्याचे हत्यार म्हणूनही वापरला गेला आहे. अवधचा नबाब वाजिद अली शाह स्वतः रचनाकार आणि नर्तनाचा जाणकार होता. राधा-कृष्णाच्या कथेवरचे रहस तो आपल्या दरबारात करवीत असे. त्याच्याच काळातील लखनौमध्ये अमानतची ‘इंदरसभा’ लिहिली गेली. तिच्यातला राजा इंदर सभेत पऱ्यांचे गाणे ऐकत बसतो. १८५६ मध्ये त्याच डलहौसीने दुर्वर्तन आणि गैरकारभार यांचा ठपका ठेवून अवध घेतले, आणि नबाबाचे गाणे-नाचणे हा त्याच्या नालायकीचा पुरावा ठरला. याउलट साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. रस्ते, शिक्षण आणि दप्तर यांत लक्ष घालणाऱ्या या राजावर विलासाचा ठपका ठेवता येणे कठीण होते. तेथे कटाचा आरोप पुढे आला आणि १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. १८४७ मध्ये ते तेथेच वारले. त्यांची कैफियत घेऊन विलायतेस गेलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत तेथे खेटे घालत राहिले. सचिंत राजाही गेला आणि निश्चिंत राजाही गेला. आरोप करणाऱ्याची नजर खजिन्यावर असली, की आरोपाच्या आशयाला फारसा अर्थ उरत नाही.

तेव्हा विलासाची निंदा ही स्वतःसिद्ध नैतिक कृती नाही. निंदा करणारा ती चिंता स्वतःच्या डोक्यावर घेतो, की तिच्या निमित्ताने सत्ता घेऊन चिंता पुन्हा खालीच ढकलतो, हे पाहावे लागते. हास्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

४

वगातील हास्य या कसोटीला कितपत उतरते? वसंत सबनीस यांचा ‘छपरी पलंगाचा वग’ हे या संदर्भात तपासण्यासारखे उदाहरण आहे. १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या त्याच्या विस्तारित रूपाला अमाप लोकप्रियता लाभली आणि मूळचा छोटा वग तिच्या सावलीत झाकला गेला. कथानक साधे आहे. भोळसट राजा, अधिकाराचा लोभी कोतवाल, चतुर हवालदार आणि मैनावती नावाची नाचणारी. कोतवालाला मैनावती हवी आहे. मैनावती त्याच्याकडे राजाचा छपरी पलंग मागते. कोतवाल पलंग चोरतो आणि अडकतो.

मूळ नाव वस्तूचे होते, विस्तारित नाव इच्छेचे झाले, आणि हिंदीत हेच नाटक ‘सैंया भये कोतवाल’ या म्हणीवरून घेतलेल्या नावाने गाजले. पलंग, इच्छा आणि कोतवाल ही तीन नावे एकाच रचनेच्या तीन बाजू दाखवतात. पलंग ही विलासाची खूण आहे. परंतु राजा पलंगावर झोपतो म्हणून वग त्याला हसत नाही. महालातला पलंग महालाबाहेर जातो आणि धन्याला पत्ता नसतो, हे हास्याचे कारण आहे. ‘विच्छा’ हा शब्द तर कोणा एकाच्या मालकीचा नाही. राजाला सुख हवे, कोतवालाला मैनावती हवी, मैनावतीला पलंग हवा, हवालदाराला आपला लाभ हवा. येथे कोणीही विरक्त नाही, आणि विरक्तीच्या उंचीवरून कोणी कोणाला पाहत नाही. वगाचे हे मोठे नैतिक बळ आहे. सुखाची इच्छा हा गुन्हा नसून तिचा खर्च दुसऱ्याच्या नावे मांडणे हा गुन्हा आहे, अशी त्याची भूमिका दिसते. कंपनीच्या आरोपपत्राहून वगाचे हास्य वेगळे ठरते ते या ठिकाणी.

मात्र शेवटाकडे पाहिले की हे बळ उणावते. पकडला जातो कोतवाल. ज्याच्या निश्चिंततेमुळे कोतवाल निर्माण झाला तो राजा गादीवर कायम राहतो, न्यायाधीशाच्या भूमिकेत जातो आणि प्रेक्षकांच्या कौतुकाचाही धनी होतो. हसून झाल्यावर प्रेक्षकाच्या मनात उरते ती राजाविषयीची माया. बेचारा राजा, त्याला ठाऊकच नव्हते! अज्ञान हा त्याचा मूळ दोष होता; तेच आता त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा बनते.

बेर्गसाँने १९०० मध्ये हास्यावरील आपल्या निबंधात म्हटले होते की हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. समाज हास्याने ताठर माणसाला वठणीवर आणतो. बाख्तिनचा राब्लेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९६५ मध्ये, ‘विच्छा’च्याच वर्षी. त्याने जत्रेतील हास्यात सर्व श्रेणी उलट्यापालट्या करण्याचे सामर्थ्य पाहिले. मराठी समीक्षेने बाख्तिनचा आधार घेऊन वगाचे गुणगान पुष्कळ केले. परंतु श्रेणी उलटण्याच्या खेळात श्रेष्ठींनाही आनंदाने सामील होता येते, याचे उदाहरण युरोपातच आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी ओफेनबाखची ‘ग्राँ दुशेस’ ही सुखात्म संगीतिका गाजत होती. एका चिमुकल्या राज्याची लहरी राणी आपल्या मर्जीतल्या शिपायाला एकाएकी सेनापती करते, अशी तिची कथा. ती पाहायला युरोपातील राजेरजवाडे गेले आणि मनमुराद हसले. आपलेच सोंग पाहून हसणाऱ्या राजांना त्या हास्याने कसलीही इजा झाली नाही, आणि तीनच वर्षांनी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध झाले. हास्याने वठणीवर येतो तो दुर्बल. सबल माणूस हास्याचे तिकीट काढून पुढच्या रांगेत बसतो.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या विजय तेंडुलकरांच्या नाटकाने कोतवाल आणि त्याचा धनी यांच्यातील हे नाते उघडे केले. त्यातील नाना हा राजा नव्हे, प्रधान आहे; पण विलास आता त्याच्याकडे गेला आहे आणि चिंता घाशीरामाच्या गळ्यात टाकली गेली आहे. किंमत दिली जाते ती घाशीरामाच्या मुलीच्या देहाने आणि शेवटी खुद्द घाशीरामाच्या मरणाने. नाना सुटतो. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी ऐतिहासिक नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. नाटकातील नाना हा त्या ऐतिहासिक व्यक्तीचे चित्र मानावा की नाही, यावर मोठा वाद झाला आणि त्या वादात नाटकाचा रचनाबंध दुर्लक्षित राहिला. माणसांची जी भिंत नाचते, गाते, डोलते आणि गुन्हा झाकते, तिच्यात प्रेक्षकाला आपली जागा दिसू शकते. ‘विच्छा’तील प्रेक्षक कोतवालाला हसून मोकळा होतो, ‘घाशीराम’मधील प्रेक्षकाला ती मोकळीक मिळत नाही.

५

हास्य कुठे थांबले पाहिजे, हा प्रश्न सांगलीच्याच परंपरेतील आणखी एका नाटकाने निराळ्या प्रकारे विचारला होता. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठी संगीत रंगभूमीवर आणले. या प्रकरणात राजा पालक रंगमंचावर येतच नाही. त्याच्या जागी वावरतो तो त्याचा मेहुणा शकार, म्हणजे राजाच्या विलासातून जन्मलेला आणि त्याच्या नावावर मिरवणारा माणूस. शकार मूर्ख आहे. रामायण-महाभारतातील पात्रांची तो खिचडी करतो, आपल्याच शब्दांत अडकतो, आणि प्रेक्षक त्याला खळखळून हसतात. शृंगाराचे अनुकरण म्हणजे हास्य, या सूत्राचे शकाराहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

आणि तरीही पुष्पकरंडक उद्यानात तो वसंतसेनेचा गळा आवळतो. ज्याला इतका वेळ हसणे चालले होते तोच हा माणूस, आणि त्याचे हात खरे आहेत. पुढे न्यायसभेत तो न्यायाधिकाऱ्याला राजाकडे तक्रार करून पदावरून काढण्याचा धाक घालतो आणि न्यायाधिकारी नमतो. येथे हास्य घशात अडकते. प्रेक्षकाला उमगते की शकाराचा मूर्खपणा त्याला निरुपद्रवी करीत नव्हता. आपल्या हसण्याने तो निरुपद्रवी भासत होता एवढेच. मूर्ख सत्ताधीशाला हसण्यातील मोठा धोका शूद्रकाने असा दाखवून दिला आहे.

याच उद्यानात आणखी एक माणूस आहे. शकाराचा दास स्थावरक. वसंतसेनेला मारण्याची आज्ञा त्याला होते. दागिने देऊ केले जातात, मार दिला जातो. तो नकार देतो, कारण परलोकाची भीती त्याला आहे. ही भीती म्हणजेच या लेखाच्या परिभाषेत चिंता होय. धनी पूर्ण निश्चिंत आहे आणि कृत्याच्या परिणामाची सगळी चिंता दासाच्या मनात आहे. परंतु येथे दासाने ती चिंता पुढे ढकललेली नाही. त्याने ती पत्करली आहे. पुढे कोंडून ठेवलेला असतानाही तो उडी टाकून साक्ष द्यायला धावतो, आणि अखेरीस त्याला दास्यातून मुक्त केले जाते. शकाराला चारुदत्त क्षमा करतो हे प्रेक्षकाला रुचो वा न रुचो, नाटकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्याला हसलो त्याला सोडून देता येते. ज्याने चिंता वाहिली त्याला त्याचे देणे चुकते करावे लागते. वगाच्या शेवटी राजा कौतुकाचा धनी होतो, ‘मृच्छकटिका’च्या शेवटी राजा बदलतो आणि दास मुक्त होतो. हास्याचा नैतिक हिशेब पुरा होणे म्हणजे काय, याचा हा एक नमुना होय.

६

आता प्रश्न हसणाऱ्याचा. तमाशाच्या बांधणीत गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा क्रम रूढ आहे. वगातील राजा नाचणारीवर दौलत उधळतो म्हणून प्रेक्षक हसतो. पण तो वग सुरू होण्यापूर्वी, लावणीच्या वेळी, दौलतजादा होऊन गेलेला असतो. प्रेक्षकांतून नोट पुढे येते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, त्याच्या पसंतीची लावणी म्हटली जाते, आणि नाचणारी त्याच्याकडे वळून अदा करते. तेवढ्या वेळापुरता तो माणूस राजा असतो. त्याला खर्चाची चिंता नसते, आणि आपल्याला काही काळजी नाही हे सर्वांना दिसावे हीच त्याची हौस असते. तासाभराने तोच माणूस रंगस्थळीच्या राजाला हसतो. दरबार गेला आणि तिकीट आले तेव्हा आश्रयदाता नाहीसा झाला नाही. त्याचे शेकडो तुकडे झाले आणि एकेक तुकडा एकेका प्रेक्षकाच्या खिशात गेला.

यावर असे म्हणता येईल की कष्टकरी माणसाला वर्षातून एका रात्रीपुरते निश्चिंत होण्याचा हक्क नाही का? आहे, आणि त्याची निश्चिंतता राजाच्या निश्चिंततेहून वेगळीही आहे. राजाच्या सुखाचा खर्च दुसऱ्याने दिलेला असतो, याच्या सुखाचा खर्च त्याच्याच मजुरीतून झालेला असतो. विलासी राजाच्या निंदेत पुष्कळदा गरिबाच्या करमणुकीचीही निंदा मिसळलेली असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा खालच्या थरातील माणसाच्या सुखाकडे पाहण्याची वरच्या थराची हीच नजर कारणीभूत होती. ती नजर नाकारलीच पाहिजे.

परंतु ती नाकारल्यानंतरही एक व्यक्ती हिशेबाबाहेर राहते. राजाचे काम करणारा नट आणि त्याला हसणारा प्रेक्षक या दोघांचीही सुटका वगात होते. नाचणारीची होत नाही. रंगस्थळी ती मैनावती असते आणि रंगस्थळाबाहेर तीच स्त्री फडाचा संसार, मुलांचे शिक्षण आणि उतरते वय यांची चिंता वाहत असते. तमाशातील बहुसंख्य कलावंत ज्या जातींतून आले त्या जातींकडे गावाने दिवसा पाठ फिरवली आणि रात्री तोंड केले. पठ्ठे बापूरावांनी कुलकर्ण्याच्या घरातून बाहेर पडून फडात प्रवेश केला, तेव्हा या रेषेची एक बाजू एका व्यक्तीने ओलांडली. रेषा मात्र राहिली. राजाला हसणाऱ्या प्रेक्षकाने आपली चिंता कोणाकडे ठेवून हसायला यावे, याचे उत्तर पूर्वीही तयार होते आणि आजही ते फारसे बदललेले नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी या रचनेलाच हात घातला. त्यांच्या लोकनाट्यांतून राजा गेला आणि सावकार, पुढारी, निवडणुकीचा उमेदवार आले. गणात देवाऐवजी भूमी आणि कष्टकरी यांना वंदन आले, गवळण गळाली. ज्या सातारा जिल्ह्यात १९४३ पासून काही काळ प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे स्वतःच्या हाती घेतले, त्याच मातीतून हे हास्य आले हा योगायोग नव्हे. चिंता वरून खाली येते हे वगाने दाखवले होते. खाली आलेली चिंता उचलून तिचे काय करायचे, हे या लोकनाट्याने विचारले. त्यात वगाची मस्ती काहीशी कमी झाली, ही टीका खोटी नाही. विलासाबरोबर सुखाचीही थोडीबहुत हकालपट्टी झाली. पण ज्या स्त्रीच्या देहावर ती मस्ती उभी होती तिला बाजूला ठेवून ही टीका करता येणार नाही.

७

विलासी राजाला हसण्याची न्याय्यता हास्याच्या तीव्रतेवरून ठरत नाही आणि राजाच्या दुर्गुणांवरूनही ठरत नाही. ती ठरते हसून झाल्यावर चिंता कुठे असते यावरून. कंपनीने नबाबाच्या विलासाला नाके मुरडली आणि राज्य घेतले. चिंता होती तिथेच राहिली. पॅरिसच्या प्रेक्षागृहात राजे स्वतःलाच हसले आणि आणखी निश्चिंत झाले. छपरी पलंगाच्या वगाने इच्छा सर्वांची आहे हे मान्य करून हसणाऱ्यालाही हिशेबात घेतले, पण शेवटी खाते कोतवालाच्या नावे बंद केले. ‘मृच्छकटिका’ने हास्य मध्येच थांबवून दासाचा नकार ऐकवला. या साऱ्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावणे सोपे आहे. परंतु ‘मृच्छकटिका’तील हास्य ‘छपरी पलंगा’हून कमी मोकळे आहे आणि लोकनाट्यातील त्याहूनही कमी, हेही नोंदवले पाहिजे. नैतिक हिशेब जसजसा पुरा होतो तसतसे हसणे अवघड होत जाते. ही किंमत द्यावी की नाही, हा प्रश्न कलेच्या बाहेरचा नाही.

वग संपतो तेव्हा पहाट झालेली असते. राजा झालेला माणूस डोईचे मुंडासे उतरवतो, पेट्या बांधायला लागतो, पुढच्या गावाच्या सुपारीची बोलणी होतात. प्रेक्षक धोतर झटकून उठतात; कोणाला पाण्याची पाळी गाठायची असते, कोणाला गूळ बाजारात न्यायचा असतो. एका रात्रीची निश्चिंतता संपलेली असते आणि ज्याची त्याची चिंता ज्याला त्याला परत मिळते. कनातीमागे पाय शेकत बसलेल्या स्त्रीकडे ती रात्रभर होतीच.